केराबाईचा सोमवार

बहात्तर साली मंगळवेढ्याच्या काळ्या रानातसुद्धा ज्वारी उभी राहिली नाही. रान उललं. भेगेत काठी सोडली तर मूठ तेवढी वर राहायची. संक्रांत झाली, आणि ज्यांच्या अंगणात धान्याचं पेव होतं त्यांनी पेवाच्या तोंडावरचा दगड हलवला.

वीरभद्रप्पाच्या अंगणातलं पेव त्याच्या आज्यानं खोदलेलं. वरून तोंड एवढं अरुंद, की भरल्या अंगाचा माणूस अडकावा. आत मात्र रांजणासारखं पोट सुटलेलं, तळाला आणि कडेनं सरमडाचा, वाळल्या कडब्याचा थर. दगड काढला तशी आतून कोंदट, आंबूस वाफ वर आली. वीरभद्रप्पानं सगळ्यांना मागं सारलं. दिवसभर तोंड उघडं ठेवलं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. ज्योत विझली नाही तेव्हा त्याचा मुलगा शिवपुत्र लंगोट घालून आत उतरला. तो पाटी भरायचा, वर त्याची बायको जगदेवी आणि आई नीलम्मा दोर ओढायच्या. जगदेवीला पाचवा महिना होता. तिला नीलम्मानं दोराच्या शेपटाला उभं केलं होतं, पण ओढायची ती सगळ्यात जोरानं.

पेव निम्म्याला होतं. पाऊस येईपर्यंत हात राखून खाल्लं तर पुरेल, एवढं. ते बघूनही वीरभद्रप्पानं त्याच संध्याकाळी सांगितलं, की दर सोमवारी मठात दासोह घालायचा. आंबील आणि भाकरी, जो येईल त्याला.

नीलम्मा पाखडत होती. तिनं सूप थांबवलं.

"पुरंल का आपल्याला?"

"देणाऱ्याचं सरत न्हाय, अगं. पोथीत हाय."

नीलम्मानं पुन्हा सूप हलवलं. पोथीत काय आहे ते गावात त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान सगळे तसं धरून चालत. मठातले अय्या कानडी पोथी वाचत आणि वीरभद्रप्पा तिचा अर्थ मराठीत सांगे. त्याला अक्षर येत नव्हतं. बापाच्या शेजारी बसून ऐकून ऐकून पोथी त्याच्या अंगात उतरली होती. अय्या ओवी संपवून थांबले, की हा डोळे मिटून सुरू व्हायचा. तो सांगायला लागला की बाया पदरानं डोळे पुसत, आणि तंबाखू मळणारे हात थांबत.

पोथी एरवी श्रावणात लागायची. त्या वर्षी अय्यांनी दर सोमवारी लावली. आधी पोथी, मग पंगत. पंगत बसण्याआधी अय्या ज्याचा दासोह असेल त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचे, आणि जेवून उठणारा माणूस त्या घरधन्यासमोर वाकून जायचा. ही मठाची जुनी रीत. त्या उन्हाळ्यात दर सोमवारी एकच नाव पुकारलं जाऊ लागलं.

पंगतीच्या टोकाला केराबाई बसायची. वीरभद्रप्पाच्या घराला लागून, चढाच्या बाजूला तिचं घर. दोन अंगणांच्या मध्ये पुरुषभर मातीची भिंत. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभर ती दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिच्या उजव्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असे. संध्याकाळी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, सोमवारी मठातली आंबील. आंबील ती एकदाच घ्यायची. वाढणारा दुसऱ्यांदा आला तर थाळीवर हात आडवा धरायची.

तिच्या अंगणातही पेव होतं, वीरभद्रप्पाच्या निम्म्यानं. भिंतीच्या पलीकडं, अगदी भिंतीलगत. नवऱ्यानं मरायच्या वर्षी ते गळ्यापर्यंत भरलं आणि वर दगड ठेवून माती लिंपली. केराबाईनं त्याला हात लावला नव्हता. पाऊस पडला की खडीचं काम बंद होणार. मग पेरणीला दुसऱ्याचं औत आणायचं तर त्याला ज्वारी घालायची, आणि सुगीपर्यंत आपणही खायचं. तेवढं पेवात नसेल तर रान वाट्यानं द्यावं लागेल, आणि आपल्याच रानात आपण रोजानं खुरपायचं. म्हणून ती पावसाची वाट बघत मिलो खात होती. बाया तिला हसायच्या. नीलम्मासुद्धा एकदा भिंतीवरून म्हणाली, की उपाशी मरून पेव कुणाला ठेवणार. केराबाई म्हणाली, "मेले तर तुमालाच ठेवते की, नीलाव्वा."

फाल्गुन गेला, चैत्र लागला. दर आठवड्याला पेवातनं घरचं आणि मठाचं निघत होतं, आणि पेव उतरत नव्हतं.

आधी नीलम्माच्या ध्यानात आलं. ती वरून कंदील धरून बघायची, आणि ज्वारी होती तिथंच दिसायची. तिनं नवऱ्याला बोलावलं. वीरभद्रप्पा पालथा झोपून आत बघत राहिला. उठला तेव्हा त्याच्या दाढीला माती लागली होती, ती त्यानं झटकली नाही. शिवपुत्र दोर गुंडाळत होता. बापानं त्याला विचारलं, आत तुला काय वाटतं. शिवपुत्र म्हणाला, हाय की बरीच.

पुढल्या सोमवारी पोथीत एका गृहस्थाची कथा होती. तो दारी आलेल्याला मूठभर घालायचा आणि त्याची कणगी रिती होत नसे. वीरभद्रप्पानं ती सांगितली, आणि अय्या पान उलटणार तेवढ्यात हात वर करून त्यांना थांबवलं. मग आपल्या पेवाचं सांगितलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, की मी डोळ्यांनी बघितलंय, खोटं वाटत असेल त्यानं येऊन बघावं. चार माणसं खरंच येऊन बघून गेली. त्या दिवशी पंगतीतून उठणारे जरा जास्त वाकले. केराबाईनं तर पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला. चिंधीचं रक्त त्याच्या पायाच्या नखाला लागलं.

शिवपुत्र त्या रात्री नीट जेवला नाही. जगदेवीनं विचारलं तर पोट गच्च झालंय म्हणाला.

वैशाखात ऊन असं पडलं की दुपारी कावळासुद्धा उडेना. नीलम्मा सोप्यात ज्वारी निवडत बसली होती. सुपात तिला वाळलेली बारीक पानं सापडली. पहिल्यांदा तिनं ती फुंकून टाकली. मग पुन्हा सापडली तेव्हा एक पान दाताखाली धरलं. कडू लागलं. ती उठून नवऱ्याकडं गेली आणि सूप त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"आपण जवारीला राख लावतो. ह्यात निंबाचा पाला कुटला?"

वीरभद्रप्पा म्हणाला, वाऱ्यानं आला असेल. पेवाच्या पोटात वारा कुठून येतो ते नीलम्मानं विचारलं नाही. तिच्या मागं भिंतीपलीकडं केराबाईचा लिंब दिसत होता. पार वठलेला, पण लिंबच.

शिवपुत्र तेव्हा बैलांना बघायला छावणीवर गेला होता. वीरभद्रप्पानं सदरा काढला, दोर खुंटाला बांधला आणि बायकोला सांगितलं की मी उतरतो. साठीचा माणूस, खांद्यानं रुंद. तोंडातून जाताना त्याच्या दोन्ही दंडांची सालं निघाली. आत तो ज्वारीत गुडघ्यापर्यंत रुतला. आत एवढी गरमी होती, की श्वास घेतला की नाक भाजायचं. कंदील फिरवत त्यानं कडेचं सरमड बाजूला केलं. चढाच्या बाजूला, त्याच्या छातीच्या उंचीवर, माती ढासळून भोक पडलं होतं. घुशीचं बीळ असावं, आणि उललेल्या जमिनीनं ते वाढवलेलं. भोकातून ज्वारीची घसरण खाली आलेली. त्यानं पायाशी चार ओंजळी उपसून बाजूला केल्या. वरून तेवढीच ज्वारी सुळकन खाली आली. तिच्याबरोबर दोन पानं आली.

त्यानं भोकात हात घातला. खांद्यापर्यंत गेला. पलीकडं बोटांना ज्वारी लागली, आणि मग नुसती पोकळी.

नीलम्मानं वरून दोनदा हाक मारली. बऱ्याच वेळानं दोर हलला. बाहेर आल्यावर तो पेवाच्या तोंडाशीच बसून राहिला. अंगाला घामानं चिकटलेली ज्वारी वाळून एकेक दाणा गळत होता. कोंबडी येऊन ते वेचायला लागली. नीलम्मानं तिला हाकललं नाही.

शिवपुत्र दिवेलागणीला आला. बापाच्या दंडाची सालं बघितली आणि त्याला कळलं. विचारायच्या आधीच तो म्हणाला, होळीच्या सुमाराला मला भोक दिसलं होतं.

"मंग बोलला का न्हाईस?"

"बोलणारच हुतो. तवर तुमी मठात सांगून मोकळं झालात."

मुलानं मान खाली घातली नाही. तो म्हणाला, चार माणसं बघून गेली, घरात ही अशी जड अंगाची, आणि तुम्ही म्हणता पोथीचं फळ. मी काय सांगायचं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आप्पा, आपली कुटली न् तिची कुटली, आता देवाला तरी वळखू येईल का? भोक बुजवू. घूस काय आमी पाळली हुती का?"

जगदेवी चुलीपाशी होती. तिचे भाकरी थापणारे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. नीलम्मा म्हणाली, आज काही ठरवू नका, जेवा. ती भाकरी त्याच ज्वारीची होती. सगळ्यांनी खाल्ली. दुसरं घरात काही नव्हतं.

पुढल्या सोमवारी वीरभद्रप्पा पोथीच्या आधी अय्यांकडं गेला आणि म्हणाला, आज गाईची कथा वाचा. अय्या म्हणाले, ती फार मागं राहिली. तरी त्यांनी पानं उलटून काढली. एका शरणाची, शिवभक्ताची, गाय चुकून परक्याच्या रानात चरून येते. शरण त्या दिवशीचं दूध घरात घेत नाही. चरवी उचलतो आणि ज्याच्या रानातलं गवत त्याच्या दारात नेऊन ठेवतो, आणि गाईनं केलं ते मी केलं म्हणतो.

वीरभद्रप्पानं ती कथा कधी नव्हे एवढी लांबवली. रानाचा धनी दारात आला तेव्हा शरणाला तोंड वर करता येईना, ते सांगितलं. दोन वेळा त्याचे डोळे उघडले, आणि दोन्ही वेळा टोकाला बसलेल्या केराबाईवर गेले. ती दिवसभराच्या हातोडीनं पेंगुळली होती, तरी मान डोलावत होती. कथा संपली. बायांनी डोळे पुसले. एक म्हातारा म्हणाला, काय पण माणसं होती पूर्वी. मग अय्यांनी दासोहाला वीरभद्रप्पाचं नाव पुकारलं, पंगत बसली, जेवली, आणि एकेक जण वाकून गेला. केराबाईही वाकली.

मठ रिकामा झाल्यावर वीरभद्रप्पा अय्यांपाशी बसला आणि काय झालंय ते सांगितलं. अय्यांनी पोथी फडक्यात बांधली, गाठ मारली.

"म्हणजे तुमी आज तिला सांगितलं म्हणायचं."

"सांगायचा यत्न केला."

"पोथी सांगितली, आप्पा. त्यात केराबाईचं नाव कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरभद्रप्पा खडीच्या कामावर गेला. रस्त्याच्या कडेनं दगडाचे ढीग आणि प्रत्येक ढिगापाशी एक बाई. सावलीला म्हणून कुणी दोन काटक्यांवर लुगड्याचा तुकडा बांधलेला. केराबाई सायकलच्या जुन्या टायरच्या कड्यात दगड धरून फोडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. पोथी सांगणारा आप्पा इथं कसा म्हणून आजूबाजूच्या हातोड्या मंदावल्या.

त्यानं सांगितलं. घुशीचं बीळ, ढासळलेली माती, लिंबाचा पाला. मुलाला आधी कळलं होतं हे मात्र सांगितलं नाही. आमच्या घरातनं झालं, एवढं म्हणाला. केराबाईनं हातातला दगड फोडला, मग पुढचा घेतला.

"किती ऱ्हायलीया?"

"उघडल्याबिगार कळायचं न्हाय."

"पावसाआधी उघडायचं न्हवतं मला." तिनं हातोडी खाली ठेवली. चिंधी सुटली होती, ती दातात धरून पुन्हा आवळली. "मालकांनी गळ्यापतूर भरलं हुतं."

"व्हय. ठावं हाय."

"तुमाला कवा कळलं?"

"कालच्या सोमवारच्या आदी."

"मंग काल ती गाईची गोष्ट सांगितली ती..."

"तुझ्यासाठी सांगितली."

"मला काय म्हाईत," केराबाई म्हणाली. "मला वाटलं गाईचीच हाय."

शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून हसली. केराबाई हसली नाही. ती वीरभद्रप्पाच्या पायांकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे सोमवारी मी माझीच आंबील पिऊन तुमच्या पाया पडत हुते."

वीरभद्रप्पा व्हय म्हणाला. मुकादमानं लांबून आवाज दिला, की गप्पा मारायच्या तर घरी जाऊन मारा. केराबाईनं हातोडी उचलली. संध्याकाळी येते म्हणाली.

ती आली, आणि नवऱ्यानं लिंपलेली माती तिनं आपल्या हातानं उकरली. दगड हलवल्यावर कंदील खाली सोडायची गरज पडली नाही. उरलेल्या उजेडातसुद्धा खालचं सरमड दिसलं. एका बाजूला कडेनं ज्वारीची उतरण उरली होती. केराबाई वाकून बघत राहिली. रडली नाही. पदराचं टोक तोंडात धरलं होतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. शिवपुत्रानं आधी भोकात दगड आणि चिखल ठासून ते बुजवलं. मग आपलं पेव उपसायला घेतलं. भिंतीला शिडी लावली. तो भरायचा, वीरभद्रप्पा ओढायचा, नीलम्मा शिडीवरून पलीकडं पाटी द्यायची, पलीकडं केराबाई ती आपल्या पेवात रिकामी करायची. खडीवरून सुटल्यावर अंधार पडेपर्यंत, असं रोज. ज्वारीची धूळ घशात बसून सगळे खोकत होते. जगदेवीला कुणी हात लावू दिला नाही. ती तांब्यातलं पाणी फिरवायची आणि प्रत्येक पाटी भिंतीपलीकडं जाताना बघायची.

पहिल्या दिवशी शिवपुत्र निम्म्यावर थांबला आणि खालून म्हणाला, आपली म्हणून थोडी मागं ठेवू. बाप म्हणाला, तिचं गळ्यापर्यंत होतं.

शेवटी त्यानं तळाचं सरमड झटकून कणन् कण पाटीत घातलं. तरी केराबाईचं पेव गळ्याला लागलं नाही, हातभर खाली राहिलं. उरलेलं सुगीला, असं वीरभद्रप्पा म्हणाला. आणि पाऊस झाला की छावणीतून बैल आणून पहिलं औत तुझ्या रानात. त्याची ज्वारी घ्यायची नाही.

केराबाई पेवाच्या तोंडाशी बसून पेवात बघत होती. "औताची जवारी वाचली म्हणायची," ती म्हणाली. वीरभद्रप्पा शिडी काढायला लागला तेव्हा तिनं विचारलं, सोमवारच्या पंगतीचं काय.

त्यानं मान हलवली. घरात आता उद्याचं नव्हतं. सकाळपासून शिवपुत्र खडीला जाणार होता, मुकादमाला सांगून आला होता. बाप कामावर नको म्हणाला होता, तर तो म्हणाला, पोथीवाल्याचा पोरगा म्हणून दगड मऊ लागत असतील तर बघतो.

केराबाई म्हणाली, "ह्या सोमवारचं माझ्यातनं घ्या. एवढे दीस घेतलंच की." जरा थांबून म्हणाली, "एकच सोमवार. फुडचं पाऊस बघून. आणि नाव माझं पुकारायचं."

सोमवारी अय्यांनी पोथी लावली नाही. वीरभद्रप्पाला सांगितलं, आज तुमचं काय असेल ते सांगा. तो उभा राहिला. एरवी डोळे मिटून सांगायचा, त्या दिवशी उघडे होते. पेव उतरत नव्हतं ते का उतरत नव्हतं, ते त्यानं सांगितलं. कुठंही थांबला नाही. कथेसारखं सांगता आलं नाही, शब्द कोरडे पडत होते. बघायला आलेल्या चौघांपैकी एक जण हसला, आणि कणगीवाल्या गृहस्थाचं शेजारघर कुठं होतं ते बघायला पाहिजे म्हणाला. लोक हसले. वीरभद्रप्पा हसू संपेपर्यंत उभा राहिला, मग पंगतीत जाऊन बसला. त्याच्या शेजारी नीलम्मा, जगदेवी, आणि फोड आलेले तळहात वर करून शिवपुत्र.

अय्यांनी पुकारलं, "आजचा दासोह केराबाईचा."

ती पंगतीच्या टोकाला आपल्या जागीच बसली होती. घरधन्यासारखं पुढं येऊन उभी राहा म्हणून दोघीतिघींनी सांगितलं, ती उठली नाही. मग उठणारे लोक तिथंच जाऊन वाकायला लागले. ती दर वेळी अंग चोरायची, असू द्या की म्हणायची. वीरभद्रप्पा शेवटी गेला. एक हात भिंतीला टेकून वाकला, आणि गुडघ्यातून वर यायला त्याला वेळ लागला.

"उठा आप्पा," केराबाई म्हणाली, "लोकं बघाय लागलीत."

मग उरल्या आंबिलीचं भांडं घेऊन वाढणारा तिच्यापुढून जाऊ लागला. तिची थाळी पुसल्यासारखी रिकामी होती. ती दुसऱ्यांदा घेत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो थांबला नाही. केराबाईनं थाळी उचलून त्याच्यापुढं धरली.

"घाल की," ती म्हणाली. "आज घरचीच हाय."